आश्रुबांनी दिलेला जबाब

पोलिसाशी कसं बोलावं हे आश्रुबांना कुणी शिकवायची गरज नव्हती. तीस वर्षं ऊसतोडीला जाताना वाटेतल्या नाक्यानाक्यावर तेच पुढं होऊन बोलायचे, आणि टोळीतला एकही माणूस त्यांनी अडकू दिला नव्हता. त्यामुळे आष्टीजवळच्या त्यांच्या वस्तीवर हवालदार आला आणि कागदात बघत त्यानं विचारलं, "स्वप्नाली इथंच राहती का?" तेव्हा आश्रुबा बाजेवरून हललेसुद्धा नाहीत.

"न्हाई."

"तुमची कोण लागती?"

"कुनीच न्हाई."

स्वप्नाली त्यांची सख्खी नात. छत्रपती संभाजीनगरला वकिलीच्या तिसऱ्या वर्षाला होती. उन्हाळ्यात दोन महिने मॉरिशसला राहून, ऊसमजुरांच्या कायद्यात काय बदल हवेत याचा अभ्यास करायला तिची निवड झाली होती. पोरगी कायदा बदलायच्या कामाला परदेशी निघालीय, एवढं आश्रुबांना माहीत होतं. पासपोर्टच्या आधी घरी पोलीस येतो, हे मात्र त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

हवालदारानं शेजारच्या चंद्रभागाबाईंना विचारलं. त्यांनी एकदा आश्रुबांच्या तोंडाकडे पाहिलं.

"हुती एक. गेली कवाच."

एवढ्यात वस्तीवरचाच धर्मराज आला. त्याला तेवढ्यावर राहवेना. "ती व्हय? तिचं लगीन झालं की. गुजरातला दिली."

हवालदारानं सगळं लिहून घेतलं. आश्रुबांनी त्याला चहा पाजला, पार रस्त्यापर्यंत सोडलं आणि मग नातीला फोन लावला.

"बाई, तू काय केलंस ते मी इचारत न्हाई. पर पोलीस आलता. आमी तुला वळखतच न्हाई म्हनलं. तू घोर करू नको."



"आबा," ती म्हणाली, "मी तिथं राहती का, एवढंच बघायला आलता त्यो. पासपोर्टसाठी."

विमान बावीस दिवसांवर आलं होतं. आश्रुबांना त्या दिवशी घास गेला नाही.

दुसऱ्या दिवशी स्वप्नाली पहिल्या एसटीनं आली. आजोबा, चंद्रभागाबाई आणि धर्मराज यांना घेऊन ती ठाण्यात गेली. हवालदारानं तिचं कॉलेजचं ओळखपत्र पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं.

"गुजरातहून कधी आलात?"

धर्मराज खाली बघत उभा राहिला. नशीब एवढंच, की कागद अजून वर गेला नव्हता.

"आजोबा, खोटं कावून सांगितलं?" हवालदारानं विचारलं.

आश्रुबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "सायेब, आमच्या दारात पोलीस आला की कुनाला तरी न्यायलाच येतो. आजवर दुसऱ्या कामाला आलेला मी बघितला न्हाई. पोरीच्या भल्याला आलाय, हे मला कसं कळावं? लिवा, चूक माझी हाय. तिची न्हाई."

हवालदारानं पेनाला टोपण लावलं. मग म्हणाला, "उद्या परत येतो. आता फक्त खरं सांगा."

दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती खरं सांगायला जमली. धर्मराजनं स्वप्नालीच्या जन्मापासून सुरुवात केली. ती शाळेत जाऊ लागेपर्यंत पाऊण तास गेला. तिच्यावर काही गुन्हा आहे का, असं विचारल्यावर चंद्रभागाबाई विचारात पडल्या. "ल्हानपनी माझ्या चिंचा झोडपल्या हुत्या तिनं. ते लिवायचं का?"

हवालदारानं ते लिहिलं नाही. पासपोर्ट विमानाच्या चार दिवस आधी हातात पडला.

मॉरिशसला पोचल्यावर आठवड्यानं तिचा फोन आला. तिथल्या जुन्या कायद्यात, उसाचा मळा सोडून बाहेर दिसलेल्या मजुराजवळ कागद नसला की पोलीस त्याला धरून न्यायचे, असं तिनं सांगितलं. आश्रुबा कान देऊन ऐकत होते.

"मंग?"

"मंग बदलला त्यो कायदा, आबा."

"किती दिसांत?"

"दिसांत कुठला? लई वर्षं गेली."

आश्रुबांनी मनाशी हिशोब केला. त्यांना पोरीची काळजीच वाटू लागली.

"मंग दोन म्हैन्यांत तुझा कायदा बदलून कसा व्हायचा गं? तिथल्या सायबाला म्हनावं, जरा जास्तीचे दिस द्या."