पिवळ्या रेघेच्या अलीकडे

रविवारी सकाळी साडेआठ वाजता मिरीने जाहीर केले की आज आईचा नाश्ता ती करणार, आणि तिच्या बाबांनी दोन्ही हात पाठीमागे घेतले.

मिरी साडेचार वर्षांची. खरे नाव शाळेच्या दाखल्यावर होते, पण घरात ते कुणी वापरत नसे, कारण आकार आणि तिखटपणा या दोन्ही बाबतींत मिरी हेच बरोबर बसत होते. बोलायला लागल्यापासून तिचे आवडते वाक्य एकच होते, "माझं मी." बुटांचे बंद माझं मी, केस माझं मी, जिना उतरणे माझं मी. दात दाखवायला नेले तेव्हा तिने डॉक्टरांच्या हातातला आरसाही मागून घेतला होता. आता तिने आपला मोर्चा स्वयंपाकघराकडे वळवला होता.

याला बालवर्गाच्या बाईंची फूस होती. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी पालकांना बोलावून सांगितले होते, "मुलांना जे जमतं ते त्यांच्या हातून काढून घेऊ नका. सांडू द्या, पुसू द्या. तुमचे हात फारच शिवशिवले तर पाठीमागे धरून उभे राहा." बाकीचे पालक हसले आणि घरी गेले. मिरीच्या बाबांनी ते वहीत उतरवून घेतले.

बाबा एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी होते. सूचना ऐकली की तिची पाटी करून भिंतीवर लावल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी मिरीसाठी रबरी पायांचे स्टूल आणले, खालचा कप्पा तिला मोकळा करून दिला आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर, गॅसपासून तीन फुटांवर, पिवळी चिकटपट्टी लावली. रेघेच्या पलीकडे गॅस, सुऱ्या आणि किसणी. अलीकडे मिरी. फ्रिजवर तिच्या डोळ्यांच्या उंचीला पाटी लावली. मिरीला वाचता येत नसल्यामुळे पाचही नियमांची चित्रे काढली. हात धुवा, अ‍ॅप्रन बांधा, रेघ ओलांडू नका, जो सांडेल तो आवरेल, आणि ज्याची सही नाही त्याला आत प्रवेश नाही. खाली बाबांची सही होती, आईची सही होती आणि जॅममध्ये बुडवलेला मिरीचा अंगठा होता.

आजोबांची सही नव्हती. त्यांच्याकडे कुणी ती मागितलीच नव्हती.

आजोबा म्हणजे बाबांचे वडील. चाळीस वर्षे त्यांनी घड्याळे दुरुस्त केली. तिळाएवढे स्क्रू चिमट्यात धरणारा हात अजूनही स्थिर होता. पण गेल्या वर्षी त्यांनी गॅसवर दूध ठेवले, पत्र आले का ते बघायला दारापर्यंत गेले आणि शेजाऱ्याशी बोलत उभे राहिले. परत आले तेव्हा दूध नव्हते आणि पातेले काळेठिक्कर पडले होते. कुणी एका शब्दाने बोलले नाही, तेच त्यांना जास्त लागले. सून एवढेच म्हणाली, "अण्णा, तुम्हाला हवं ते मला सांगत जा, मी आहे ना." दुसऱ्या दिवसापासून दुपारचा चहा थर्मासात भरून ठेवला जाऊ लागला. साडेतीनला आजोबा थर्मास उघडत. चहा गरम असे, गोड असे, आणि त्याला थर्मासाचा वास असे. आपल्या हाताने पातेले चढवावे आणि उकळी फुटताना समोर उभे राहावे, एवढीच त्यांची इच्छा होती. पण इच्छा बोलून दाखवली की तिला उत्तर मिळते, आणि ते काय असेल हे त्यांना ठाऊक होते. म्हणून ते बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत.

तर त्या रविवारी आई रात्रपाळी करून आली होती. ती रुग्णालयात परिचारिका होती. आल्या आल्या कानांत कापसाचे बोळे घालून झोपली होती आणि तिला कुणी उठवायचे नाही असा घरातला सर्वात जुना नियम होता. त्याला पाटीची गरज नव्हती.

बाबांनी रेघेपलीकडे जाऊन छोट्या पातेल्यात दोन अंडी उकडायला ठेवली आणि परत अलीकडे येऊन उभे राहिले. मिरीने हात धुतले, अ‍ॅप्रन बांधला, ब्रेडच्या एका तुकड्याला लोणी लावले आणि दुसऱ्याला भोक पाडले. मग दुधाचा भरलेला जग दोन्ही हातांनी उचलला.

"बाबा, तुझे हात."

"मागेच आहेत."

ग्लास भरला. मिरी ओततच राहिली.

"मिरी, ग्लास भरला गं."

"मला दिसतंय."

दिसणे आणि थांबणे यांच्यात थोडे अंतर पडले. दूध ओट्यावरून कप्प्यावर, कप्प्यावरून फरशीवर आले आणि पिवळ्या रेघेच्या दिशेने निघाले. बाबांचे हात पुढे आले आणि पुन्हा मागे गेले.

"काही हरकत नाही," ते शांतपणे म्हणाले. याच आवाजात ते कारखान्यात मोठमोठ्या गळत्या हाताळत. "सांडलं की कुणी आवरायचं?"

"ज्यानं सांडलं त्यानं."

"शाबास. कशानं आवरायचं?"

त्यांना 'फडक्यानं' हे उत्तर हवे होते. पण ते स्वतः रोज रात्री जेवताना मिरीला राजाराणीच्या गोष्टींऐवजी कारखान्याच्या गोष्टी सांगत. यंत्राजवळ तेल सांडले की त्यावर आधी भुसा टाकायचा, मग झाडायचे. कुणाला अपघात झाला की चौकशी पूर्ण होईपर्यंत त्याने यंत्राजवळ फिरकायचे नाही. आणि नियमाला अपवाद नाही. मिरी जेवत नसे, पण ऐकत असे.

"भुशानं," मिरी म्हणाली.

"अगं, तो तेलावर टाकतात. आणि आपल्याकडे भुसा कुठाय?"

मिरीने तोवर तोडगा काढला होता. जड वस्तू नेहमी खाली ठेवाव्यात या नियमानुसार बाबांनी पिठाचा डबा अगदी तळच्या फळीवर ठेवला होता. तिने झाकण काढले आणि डबा दुधावर आडवा केला.

बाबा "थांब" म्हणत एक पाऊल पुढे आले. चपला घालून स्वयंपाकघरात यायचे नाही असे त्यांनीच ठरवले होते आणि फरशी गार होती, म्हणून त्यांच्या पायांत मोजे होते. निसरड्या जमिनीवर कसे चालावे या विषयावर त्यांनी अकरा वर्षांत निदान दोनशे व्याख्याने दिली होती. त्यातला मुख्य मुद्दा असा होता की हात मोकळे असावेत. त्यांचे हात पाठीमागे होते.

ते आधी बसले, मग आडवे झाले. कमरेत उसण भरली आणि सिंकपासून पिवळ्या रेघेपर्यंत ते पिठात लांबलचक पसरले.

"बाबा, तू पडलास?"

"हो."

"रडू येतंय?"

"नाही. मिरी, ऐक. मला उठता येत नाहीये. तू रेघेपलीकडे अजिबात जायचं नाहीस."

"मी जातच नाही," मिरी दुखावून म्हणाली.

पलीकडे अंड्यांचे पाणी रटरटत होते. छोट्या पातेल्यात ते होते तरी किती. बाबांनी पडल्या पडल्या हिशेब केला, पाच मिनिटे, फार तर सहा. हाका मारून आईला उठवावे तर बोळे घातलेल्या कानांपर्यंत आवाज पोचला नसता, आणि पोचला असता तर त्याहून वाईट.

आवाज ऐकून आजोबा दारापर्यंत आले आणि उंबऱ्याशीच थांबले. वर्षभराच्या सवयीने पाऊल पुढे पडेना.

"काय रे, काय झालं?"

"काही नाही अण्णा, जरा घसरलो. तेवढा गॅस बंद करता का?"

आजोबांनी एक पाय उचलला. मिरी दारात आडवी आली.

"आजोबांची सही नाही."

"मिरी, येऊ दे त्यांना."

"नियमाला अपवाद नाही. तूच म्हणतोस."

बाबांनी छताकडे पाहिले. छतावर काही लिहिलेले नव्हते.

"आण मग तो जॅम," आजोबा म्हणाले.

त्यांनी अंगठा जॅममध्ये बुडवून, उंबऱ्यातूनच हात लांबवून, दाराजवळच्या फ्रिजवरच्या पाटीवर मिरीच्या अंगठ्याशेजारी उमटवला. बाहेरच्या बेसिनवर हात धुतले. अ‍ॅप्रन एकच होता आणि तो मिरीच्या मापाचा होता, पण तिने तो काढून त्यांच्या गळ्यात अडकवला. तो त्यांच्या छातीपर्यंतच आला. एवढे झाल्यावरही ती बाजूला होईना.

"तुमची चौकशी झाली का?" तिने विचारले. एरवी ती आजोबांना अरेतुरे करी. चौकशी असल्यामुळे 'तुम्ही' आले.

"कसली गं?"

"दुधाची. तुमचा अपघात झाला होता ना."

"नाही बाई. कुणी केलीच नाही."

"अण्णा, पाणी आटतंय," बाबा खालून म्हणाले.

"अरे थांब. चौकशी चालू आहे."

मिरी दारात स्टूल ओढून बसली. "दूध कुठे होतं?"

"गॅसवर."

"तुम्ही कुठे होता?"

"दारात. गप्पा मारत होतो."

"मग आता काय करणार?"

"दुसरं काय, समोर उभा राहीन. उकळी येईपर्यंत हलणार नाही."

"चौकशी झाली," मिरी म्हणाली आणि उठली.

एवढेच प्रश्न होते. वर्षभरात ते कधीही विचारता आले असते. खाली पडलेल्या माणसाला हे लक्षात आले आणि त्याची त्याला लाज वाटली. कारखान्यात साधा खिळा पायात घुसला तरी ते चार पानी अहवाल लिहीत. वडिलांच्या बाबतीत त्यांनी सरळ बंदी घातली होती आणि तिला काळजी असे नाव दिले होते.

आजोबा पिठाला वळसा घालून, मुलावरून जपून पाय टाकत, रेघेपलीकडे गेले. पातेल्यात दोन चमचे पाणी उरले होते. त्यांनी गॅस बंद केला. मग क्षणभर थांबून चहाचे पातेले काढले, पाणी घातले आणि गॅस पुन्हा पेटवला.

"अण्णा, राहू द्या, मी उठलो की करतो ना," बाबा म्हणाले.

"बाबा, हात मागे," मिरी म्हणाली. हात पाठीखालीच अडकलेले होते.

आजोबा समोर उभे राहिले. उकळी फुटली, ते हलले नाहीत. दाराची घंटा वाजली, तरीही हलले नाहीत. जो कोण आला होता तो परत गेला.

साडेदहाला आई उठून आली. मुलगी फरशी पुसत होती, म्हणजे कणीक मळत होती. नवरा भिंतीला टेकून बसला होता आणि त्याच्या केसांत पीठ होते. ताटलीत दगडासारखी दोन अंडी, भोक पडलेला ब्रेड आणि कपभर चहा होता. ती बसली आणि चहाचा घोट घेतला.

"चहा कुणी केला?"

आजोबांनी गळ्यातला अ‍ॅप्रन नीट केला. "मी," ते म्हणाले.

आईने गॅसकडे पाहिले. तो बंद होता. तिने दुसरा घोट घेतला, मग तिसरा. "अजून आहे का थोडा?"

आजोबांनी वळून पातेले उचलले, कारण त्या क्षणी त्यांना आपला चेहरा कुणाला दाखवायचा नव्हता.

आईने बाबांची कंबर तपासून पट्टा बांधला आणि तीन दिवस घरात पडून राहायला सांगितले. सोमवारी ती कामावर गेली. मिरी शाळेतून आली. दुपारी साडेतीनला स्वयंपाकघरातून चहा उकळल्याचा वास आला, तेव्हा बाबा भिंत धरत धरत दारापर्यंत पोचले. आजोबा गॅससमोर उभे होते. रेघेच्या अलीकडे मिरी ब्रेडला लोणी लावत होती, आणि आज भोक पडले नव्हते.

"अण्णा, मलाही अर्धा कप द्या."

"बाबा, तू आत नाही यायचं," मिरी मान वर न करता म्हणाली. "तुझा अपघात झालाय. चौकशी व्हायची आहे."

"मग कर की."

"आज नाही. मला काम आहे."

"तुझा चहा टेबलावर ठेवलाय बघ," आजोबा म्हणाले. "सकाळीच भरून ठेवला. तुला हवं ते मला सांगत जा, मी आहे ना."

टेबलावर थर्मास होता. बाबांनी कपात चहा ओतला आणि घोट घेतला. गरम होता, गोड होता. त्यांनी तोंड वाकडे केले.

"अण्णा, याला थर्मासाचा वास येतोय."

"येतो," पातेल्यावरची नजर न काढता आजोबा म्हणाले. "वर्षभर येतोय."

बाबांनी कप खाली ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा उचलला आणि सगळा चहा संपवला.