ठमीचा कोट

शिवता येत नाही अशी वस्तू अजून जगात पैदा व्हायची आहे, असं मी आमच्या गल्लीत छाती ठोकून सांगत असे. उगाच नाही! कोट, विजारी, तंबू, सोफ्याच्या खोळी, सगळं या हातांखालून गेलंय. एकदा बँडवाल्याच्या फाटक्या ढोलालाही टाके घातले होते. आवाज जरा बसला, पण ढोल वाजला!

त्यामुळे बायको बहिणीच्या मोडलेल्या पायाची सेवा करायला निघाली, तेव्हा मी रुबाबात म्हटलं, "तू बिनघोर जा. घर मी सांभाळतो."

"घराचं काय घेऊन बसलात! घर कुठे पळून जातंय? माझ्या ठमीला सांभाळा."

ठमी म्हणजे आमची कोंबडी. तांबूस, गुबगुबीत, एका बाजूला तुरा झुकलेला. परसात पाच-सहा कोंबड्या होत्या, पण बायकोचा जीव या एकीत. तिला हाक मारताना आवाज असा मऊ व्हायचा, की मी दोनदा चुकून 'ओ' दिली होती!

"तुम्हाला भूक लागली तर तोंडाने सांगाल," बायको पिशवी उचलत म्हणाली, "ती बिचारी मुकी आहे."

"मुकी? रोज पहाटे सगळी गल्ली उठवते की!"

"तो कोंबडा हो! इतक्या वर्षांत एवढंही कळलं नाही? ... जाऊ दे. मी परत येईपर्यंत ती धडधाकट दिसली पाहिजे."

आणि दुसऱ्याच दिवशी घात झाला.

भर दुपारी हेडमास्तरांच्या कोटाची बाही कापत होतो, तेवढ्यात परसात एकच गदारोळ उठला. मी गळ्यात टेप, एका हातात मापाचा गज, दुसऱ्या हातात कात्री, असा धावलो. बघतो तर मुंगसाने ठमीची पाठ धरलेली! मी असा ओरडलो की मुंगूस पळालं, कोंबड्या पळाल्या आणि भिंतीपलीकडची शेजारीण वाळत घातलेले कपडे टाकून घरात पळाली.

ठमी कोपऱ्यात पडली होती. पाठीवर पिसं नाहीत, लालभडक जखम. जणू उसवलेली उशी! मी तिला उचललं तर तिने साधं 'क' सुद्धा म्हटलं नाही. मुंगसाला मी भ्यालो नव्हतो. पण बायकोला काय सांगू?

शेजारणीने भिंतीवरून डोकं काढलं. "काय झालं हो दादा? वहिनींना फोन लावू का?"

"अजिबात नाही!" मी किंचाळलोच. "डॉक्टरला लावा!"

जनावरांचे डॉक्टर आले. जखम धुतली, जांभळं औषध लावलं.

"वाचेल ना हो?"

"जखमेने मरणार नाही. धक्का बसलाय. दाणापाणी घेतलं तर वाचेल, नाही घेतलं तर काही खरं नाही. दुसऱ्या कोंबड्यांत सोडू नका, लाल दिसलं की टोचतात. आणि पाठ उघडी ठेवू नका. काहीतरी कापड बांधा."

काहीतरी कापड बांधा! हे शिंप्याला सांगायचं? म्हणजे गवयाला 'जरा काहीतरी गुणगुणा' म्हणण्यातलाच प्रकार!

मी टेप काढला. छाती, गळा, पाठीची उंची, पंखांचा घेर. गिऱ्हाईक फार गुणी. 'श्वास सोडा' सांगावं लागलं नाही, 'थोडं सैल ठेवा' म्हणाली नाही.

आता कापड. माझ्या दुकानाचा एक कायदा आहे. आलेल्या प्रत्येक कापडावर मी खडूने गिऱ्हाइकाची खूण करतो. हेडमास्तरांची छडी, दूधवाल्याची किटली, न्हाव्याचा वस्तरा. अक्षरं मी केस पांढरे झाल्यावर शिकलो, तोवर खुणांची सवय हाडात मुरली होती. खूण नाही ते कापड बेवारशी! तर कपाटाच्या तळाशी, सगळ्या गठ्ठ्यांखाली, एक कापड सापडलं. गर्द निळं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं, लोण्यासारखं मऊ. वर केव्हाची धूळ. उलटून पालटून पाहिलं, खूण नाही. चालवली कात्री!

कोट झाला, पण काय झाला! आतून मलमलचं अस्तर, पंखांना मोकळ्या खाचा, पोटाखाली हूक. कॉलरही लावली, कारण कॉलरशिवाय कोट पोरका दिसतो. आणि छातीवर एक खिसा.

"खिसा कशाला?" दुसऱ्या दिवशी तपासायला आलेल्या डॉक्टरांनी विचारलं.

"शोभेला."

डॉक्टरांनी हूक काढला, पाठ पाहिली, हूक परत लावला. जाताना मला म्हणाले, "तुम्हीही जरा झोप घेत जा."

कोट झाला, तरी ठमी खाईना. भिजवलेले दाणे समोर धरले, मान फिरवली. मशीनच्या तेलाची कोरी कुपी घेऊन चोचीत थेंब थेंब पाणी सोडलं. अर्धं माझ्या बाहीत गेलं. बायकोसारखा मऊ आवाज काढून "ठमेऽ" म्हणून पाहिलं. त्यावर तिने डोळेच मिटले.

ऊन मिळावं म्हणून तिला परसात नेलं, तर कोट बघून कोंबड्या अशा पांगल्या, जणू शाळेत तपासनीस आला! कोंबडा मात्र पिसं फुलवून थेट अंगावर आला. त्याला वाटलं, कोणी परका बडा माणूस जागा बळकावायला आलाय! ठमीला काखेत मारून मी दुकानात पळालो. कोंबडा उंबऱ्यापर्यंत मागे. माझ्या पोटरीला त्याने दोन टोचे दिले, ते वेगळेच.

ठमीला मशीनशेजारी चिंध्यांच्या टोपलीत ठेवलं. करायचं काय ते सुचेना, म्हणून नुसतंच मशीन चालवलं. खटखट, खटखट. आणि काय सांगू! टोपलीतून मान वर आली. मी पाय थांबवला, मान खाली. चालवला, मान वर. मग चालत्या मशीनवरूनच दाणे पुढे केले. टक! एक दाणा उचलला. टक! दुसरा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाहीने पुसलं, तीही ओलीच होती!

तेव्हापासून मी सुईत दोरा न ओवता दिवसभर मशीन हाकत होतो. पायांचं पार लाकूड झालं. पण रस्त्यावरून जाणाऱ्याला काय कळणार? हेडमास्तर शाळेत जाता-येता तो आवाज ऐकत आणि खुशीत मान डोलावत जात. त्यांना वाटे, आपला कोट शिवला जातोय!

एका संध्याकाळी ते ट्रायलला उभे राहिले. "काय टेलर, काम जोरात आहे! आणा आमचा कोट."

मी कोट आणला. म्हणजे पाठ एक, पुढचे भाग दोन आणि एकच बाही.

"हे काय? चार दिवस तुम्ही मशीन चालवताय!"

"हो ना. पण ते... तिच्यासाठी."

"कोणासाठी?"

त्याच क्षणी ठमी टोपलीतून उतरली. अंग झाडलं, कॉलर ताठ केली आणि हेडमास्तरांसमोरून डुलत गेली. हेडमास्तर वाकले. चष्मा पुसून पुन्हा वाकले.

"टेलर, हिला कोट?"

"आजारी आहे हो."

"कॉलर? अस्तर? खिसा?" त्यांचा आवाज एकेक पायरी वर चढत होता. "आणि खांद्याला एक चुणी नाही! गेल्या खेपेचा माझा कोट पोत्यासारखा लोंबतोय! मला शाळेत मुलं हसतात, आणि कोंबडी..."

"तिने मापं देताना श्वास रोखून छाती फुगवली नव्हती," मी म्हणालो. खरं बोलायची ती वेळ नव्हती!

ते ओरडत असतानाच दारात रिक्षा थांबली. बायको! एक दिवस आधीच! शेजारणीने अखेर फोन लावलाच होता.

"माझी ठमी कुठे आहे?" पिशवी रस्त्यातच टाकून ती आत आली. ठमीने आवाज ओळखला. पंख फडफडवत, कोटासकट, तिच्याकडे धावली. बायकोने तिला उराशी धरलं. हूक काढून पाठ पाहिली. जखम सुकली होती, बारीक पिसांचे कोंब वर येत होते.

"जगवलीत हो," ती रडत म्हणाली. "मला वाटलं, गेलीच असेल. जगवलीत!"

मी हेडमास्तरांकडे असं पाहिलं, की आता बोला!

मग बायकोचा हात कोटावरून फिरला. थांबला. तिने कापड दोन बोटांत धरून चोळलं.

"हे कापड कुठलं?"

"बेवारशी होतं. खूण नव्हती."

"खूण कशी असेल? मी काय गिऱ्हाईक आहे? माझ्या ब्लाउजचं कापड आहे हे! केव्हापासून मागतेय! 'शिवतो', 'बघतो', 'कारागिराला घाई करू नये'... आणि कोंबडीला मात्र लगेच? अस्तर लावून?"

"आणि खिसा," हेडमास्तर म्हणाले.

मी घाईघाईने ठमीचा कोट उतरवायला गेलो. बायकोने हातावर फटका मारला. "राहू दे. गारठेल ती."

उरलेल्या कापडात ब्लाउज बसेना. मी नवं आणून दिलं आणि पुन्हा घोटाळा नको म्हणून त्यावर खडूने खूणही केली. बायकोची खूण काय काढावी सुचेना. सोपं पडलं म्हणून कोंबडी काढली.

दोन दिवसांनी हेडमास्तर दुसऱ्या बाहीची चौकशी करायला आले. फळीवर सगळ्यात वर ते कापड. त्यांनी खूण पाहिली आणि कपाळाला हात लावला. "कोंबडीला आणखी एक कोट? तोही माझ्या आधी?"

मी खुलासा करायला तोंड उघडलं, तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला, "होऊ द्या हो आधी तिचाच! या दुकानात कोंबडीच्या नावावर टाकलं, तरच कापड वेळेवर शिवून मिळतं!"

मी मुकाट्याने सुईत दोरा ओवला.