शेवंताच्या भाकरीचे बाजारमूल्य

गेल्या माघात धारवाडच्या आमच्या मळमड्डी फुटबॉल रसिक मंडळाने इंग्लंडमधल्या एका बड्या क्लबला आर्थिक गैरव्यवहाराबद्दल दोषी ठरवले. ठराव एकमताने मंजूर झाला. क्लबला तसे अद्याप कळवलेले नाही, कारण परदेशी टपालाचा खर्च कोणी सोसायचा यावर मात्र एकमत होऊ शकले नाही.

प्रकरण सरळ होते. क्लबने कमाईपेक्षा जास्त खर्च करू नये, असा तिकडे नियम आहे. या क्लबचा मालक मांजरांच्या खाद्याच्या धंद्यात गब्बर झालेला. त्याने आपल्याच कंपनीची जाहिरात आपल्याच खेळाडूंच्या शर्टावर लावली, त्याबद्दल आपणच आपल्याला डोळे पांढरे होतील एवढी रक्कम दिली आणि तिला क्लबची कमाई म्हटले. त्या कमाईतून अर्ध्या जगाचे खेळाडू विकत घेतले. तिकडचे लोक अजून चौकशीच करताहेत. आम्ही एका संध्याकाळी चुरमुऱ्यांचे गिरमिट आणि मिरची भजी खाता खाता निकाल देऊन मोकळे झालो.

अध्यक्ष बाळाचार्य, निवृत्त मुख्याध्यापक, म्हणाले की असल्या क्लबला पार खालच्या गटात ढकलावे. गुरुप्रसाद वकिलांचे मत पडले की जिंकलेले सगळे चषक परत घ्यावेत. गुरुप्रसादांकडे कायदा बेताचा आणि आवाज भरपूर. मी मंडळाचा चिटणीस मधुकर, सरकारी कचेरीत टिपणे लिहिण्यात हयात घालवलेला माणूस. मी मालकालाच हाकलावे असे सुचवले. शेवटी बाळाचार्यांनी डोळे मिटून सांगितले, "नियम सर्वांना सारखा." सगळ्यांच्या अंगावर काटा आला. तेवढ्यात त्यांच्या बशीतली शेवटची भजी गुरुप्रसादांनी उचलली.

ज्या भिंतभर पडद्यावर आम्ही हे विलायती सामने बघतो, तो प्लॉट पाडून विकणाऱ्या प्रभंजनअण्णांनी मंडळाला भेट दिलेला आहे. गिरमिट आणि भजीही त्यांच्याकडूनच येतात. याचा पुढील घटनांशी काडीचाही संबंध नाही, हे चिटणीस या नात्याने नमूद करून ठेवतो.

न्यायबुद्धी एकदा तापली की ती अशी पडद्यासमोर निवू देणे बरे नाही. मंडळ दर उन्हाळ्यात मळमड्डी चषक भरवते. यंदापासून तोच विलायती नियम आपल्या चषकालाही लावायचा असे ठरले. 'कोणत्याही संघाने उत्पन्नापेक्षा अधिक खर्च करू नये. खर्चात वस्तुरूपाने मिळालेली मदतही धरली जाईल.' दुसरे वाक्य माझे. कचेरीत असताना अशाच एका वाक्याने मी एका सबंध तालुक्याचे अनुदान अडवले होते.

नियमाचा रोख कोणावर, हे सगळ्यांना ठाऊक होते. प्रभंजनअण्णांचे धारवाडभोवतीच्या निम्म्या शेतांत लेआउटचे फलक आहेत. गेल्या वर्षी त्यांना फुटबॉलचे वेड लागले. एक संघ पुरेना म्हणून त्यांनी दोन काढले, प्रभंजन अ आणि प्रभंजन ब. एका मालकाने दोन संघ ठेवू नयेत असा नियम करायला हवा, हे आमच्या लक्षात आले तेव्हा अण्णा आमच्यासमोर पेढ्यांचा खोका घेऊन बसले होते. मग ते तसेच राहिले. खेळाडू कोल्हापूर आणि गोव्याहून आणले. त्यांना हुबळीच्या हॉटेलात गार हवेच्या खोल्या, सकाळी अंडी, संध्याकाळी मालिश.

दुसऱ्या टोकाला अळणावरचा संघ. लाकडाच्या डेपोत ओंडके उचलणारी पोरे. त्यांचा म्होरक्या सटवाजी, तोही डेपोतलाच हमाल. सकाळच्या गाडीने यायचे, खेळायचे, रेल्वे स्टेशनवर डबे सोडून जेवायचे, परत जायचे. पांढऱ्या बनियनांवर ओंडक्यांना नंबर घालायच्या लाल रंगाने आकडे काढलेले. सटवाजीचा मुलगा आकाश पुढे खेळतो. मी फुटबॉल फार बघितला आहे, निदान पडद्यावर तरी. त्या पोराच्या पायात चेंडू आला की बाळाचार्य जप विसरायचे, एवढेच सांगतो.

साखळीत अळणावर पहिला आला. त्यामागे प्रभंजन अ, त्यामागे प्रभंजन ब. पहिल्या दोघांत अंतिम सामना व्हायचा होता. तो बघायला एका सरकारी खात्याच्या संघाचे निवडकर्ते येणार होते. त्या खात्यात खेळाडूला कायमची नोकरी मिळते. सटवाजीने त्यांना फोनवर फोन करून आणवले होते, आकाशला बघा म्हणून. सटवाजीची पाठ आता ओंडक्याखाली वाकत नव्हती, डॉक्टरने पावसाळ्यानंतर काम सोडायला सांगितले होते. पोरगा नोकरीला लागला तर घर चालेल, नाही तर त्यानेही तोच ओंडका खांद्यावर घ्यायचा. हे सटवाजीने मला स्वतः सांगितले. मला भडभडून आले आणि मी त्याला चहा पाजला.

अंतिम सामन्याच्या आठवड्यात आम्ही प्रभंजनअण्णांना हिशेब घेऊन बोलावले. त्या दिवशी मंडळाचा बाणा बघण्यासारखा होता. भजी नको असे आम्ही आधीच कळवले होते, फक्त चहा. अण्णा एका चार्टर्ड अकाउंटंटला घेऊन आले. त्याने सांगितले की शर्टावर अण्णांच्या लेआउटची जाहिरात आहे, त्याचे उत्पन्न. चड्डीवर अण्णांच्या बायकोच्या ब्युटी पार्लरची, त्याचे उत्पन्न. मोज्यांना अण्णांच्या सासूबाईंचे नाव देण्याचा हक्क सासूबाईंनी विकत घेतला आहे, त्याचे उत्पन्न सर्वात जास्त. सगळे मिळून खर्चापेक्षा वर जाते. संघ नफ्यात आहे.

मांजरवाल्या मालकाने याहून वेगळे काय केले होते, असा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. गुरुप्रसादांनी तो ओठांवरच अडवला. ते म्हणाले की तिकडे रकमा फुगवलेल्या होत्या, इकडे त्या बाजारभावाला धरून आहेत. कारण सासूबाईंची ऐपत आहे. ऐपत असलेल्याने मोजा कितीलाही घ्यावा.

"हिशेब आणायला मला दोन दिवस उशीर झाला," अण्णा अगदी नम्रपणे म्हणाले, "त्याची काय शिक्षा असेल ती द्या री. पण अळणावरवाल्यांचा हिशेब बघितलात काय? नियम सर्वांना सारखा, असं आचार्यांच्याच तोंडून मी ऐकलंय."

आता आली का पंचाईत. अळणावरचा हिशेब कोणीच मागितला नव्हता, कारण तिथे हिशेब असेल असे कोणाला वाटले नव्हते. पण न्याय म्हटला की तो दिसलाही पाहिजे. सटवाजीला निरोप गेला. तो बायकोला, शेवंताला, घेऊन आला. डबे तीच करते, तर तिलाच विचारा म्हणाला.

संघाचे उत्पन्न किती, असे विचारल्यावर सटवाजी म्हणाला, काहीच नाही. इथेच घोटाळा झाला. उत्पन्न शून्य असल्यावर पोराने एक केळे खाल्ले तरी ते उत्पन्नापेक्षा अधिक. गुरुप्रसादांनी शेकडेवारी काढायचा प्रयत्न केला, पण शून्याने भागता येईना. तेव्हा 'उल्लंघन मोजमापाच्या पलीकडचे आहे' असे मी टिपणात लिहिले. अण्णांचे उल्लंघन मोजता येत होते, दोन दिवस. यांचे मोजताच येत नव्हते. दोन्हींत गंभीर कोणते, हे उघड होते.

मग भाकरीवर आलो. अकरा खेळाडूंना ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, कधी झुणका. ही वस्तुरूपाने मदत, तीही म्होरक्याच्या बायकोकडून, म्हणजे संबंधित व्यक्तीकडून. तिचे बाजारमूल्य ठरवणे प्राप्त झाले. शेवंताने पिशवीतून फडके काढले. येताना आमच्यासाठीही तिने भाकरी आणली होती, रिकाम्या हाताने कसे यायचे म्हणून. बाळाचार्य एरवी परक्याच्या घरचे खात नाहीत. पण हा पुरावा असल्याने चालेल असे ठरले. त्यांनी एक भाकरी तपासली. मग दुसरी तपासली. भाकरी पदरापदराची, पापुद्रा सुटलेला, चटणीत लसूण जिथल्या तिथे. डोळे पुसत आचार्य म्हणाले, अशी भाकरी धारवाडात कुठल्याच खानावळीत मिळत नाही. त्यामुळे खानावळीचा दर लावणे अन्यायाचे होईल असे ठरून तो दुप्पट करण्यात आला.

"सायेब, तुम्हाला गोड लागली म्हणून दंड?" शेवंताने विचारले.

गुरुप्रसादांनी तिला समजावले की अक्का, हा दंड नव्हे, मूल्यांकन आहे. तिने उरलेल्या भाकऱ्या फडक्यात परत बांधल्या. चिटणीस म्हणून मला ते खटकले, कारण पुरावा हलवण्यात आला होता.

सटवाजी बिचारा वाट काढू बघत होता. म्हणाला, अण्णांसारखी आम्हीबी जाहिरात लावतो. बनियनावर शेवंताचे नाव घालतो, ती देईल की काय असेल ते, कमाई दाखवता येईल. आम्हालाही वाटले, सुटला एकदाचा. पण गुरुप्रसादांनी विचारले, शेवंताक्का कमावतात किती. काहीच नाही. मग जिची ऐपत नाही, तिने जाहिरातीला पैसे देणे म्हणजे फुगवलेली रक्कम. हेच तर त्या मांजरवाल्याने केले. आपण त्याला दोषी धरले आहे. तत्त्व सोडता येत नाही.

आणि जाहिरात लिहिणार कशाने, असे मी सहज विचारले. सटवाजी म्हणाला, आकडे काढले त्याच रंगाने, डेपोत डब्याच्या तळाशी उरतो तो साहेब घेऊन जा म्हणतात. डेपो सरकारी. म्हणजे या संघाला सरकारी मदत मिळते आहे, आणि तीही जाहीर न करता. अण्णांनी खेदाने मान हलवली. ते म्हणाले, बिड री, गरीब माणसं आहेत, सोडून द्या. त्यांचे मन मोठे. पण नियमापुढे आम्हाला कोणाच्या मनाकडे बघता येत नव्हते.

निकाल असा लागला. अळणावरचे सर्व गुण रद्द, स्पर्धेतून बाद. प्रभंजनअण्णांनाही सोडले नाही. अंतिम सामन्याच्या सत्कारात त्यांना शाल आणि श्रीफळ द्यायचे, पण फेटा बांधायचा नाही, अशी कडक शिक्षा झाली. अण्णांनी ती मान खाली घालून स्वीकारली. बाळाचार्य नंतर मला म्हणाले की फेट्याचे जरा जास्तच झाले.

सटवाजीने फक्त एवढे मागितले की संघ बाद तर बाद, पण त्या दिवशी आकाशला थोडा वेळ कुठल्याही संघातून पळू द्या. निवडकर्ते बघतील तरी. मी अर्ज लिहून द्यायला सांगितले. त्याने दिला. तो विचाराधीन आहे.

अंतिम सामना प्रभंजन अ आणि प्रभंजन ब यांच्यात झाला. दोन्हीकडे मालक एकच असल्याने निःपक्षपातीपणाबद्दल शंकेला जागाच नव्हती. इतका सभ्य सामना धारवाडने पाहिला नसेल. गोल झाला तर गोल करणारा गोल खाणाऱ्याची माफी मागायचा. मध्यंतराला अण्णांनी मोबाइलवरून निकाल कळवला आणि उरलेला खेळ त्याप्रमाणे झाला.

निवडकर्ते आले होते. उंच, अबोल गृहस्थ. थोडा वेळ बघून कंटाळले आणि माझ्याकडे आले. मैदानाच्या कुंपणापलीकडे आकाश उभा होता, लाल आकड्याचे बनियन अंगात घालून. बापाने अर्जावर विश्वास ठेवून त्याला तयार करून आणले होते. मला तो दिसत होता. निवडकर्त्यांची पाठ तिकडे होती.

"अळणावरचा एक मुलगा आहे म्हणे. तो का नाही खेळत?"

मी नियमाप्रमाणे उत्तर दिले. "अपात्र आहे. आर्थिक गैरव्यवहार."

त्यांनी कपाळाला आठी घातली. "मग बरं झालं आधी कळलं," ते म्हणाले. "सरकारी नोकरीत असला माणूस कशाला." आणि गाडीत बसून गेले. कुंपणापलीकडून आकाशने गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघितले. मग बनियन काढून घडी घातली आणि बापाच्या पिशवीत ठेवली. पावसाळ्यानंतर डेपोत सटवाजीच्या जागी तोच लागला, असे कळते.

तुमचा संताप मला इथे बसून दिसतो आहे. चांगला आहे, खरा आहे. असाच आम्हालाही येतो, दर आठवड्याला. मांजरवाल्याचा निकाल येत्या रविवारी लागायची शक्यता आहे, आणि तो सुटला तर मंडळ स्वस्थ बसणार नाही. तुमच्यासारखी न्यायाची चाड असलेली माणसे हवीच आहेत. जरूर या. पहिल्या रांगेत खुर्ची धरून ठेवतो. गिरमिट गरम असते, आणि ते कोणाकडून येते हे तिथे कोणी विचारत नाही. तुम्हीही विचारणार नाही, याची मला खात्री आहे.