नानांची बैठक

आमच्या कॉलनीच्या दूध केंद्रावर सकाळी सगळे रांगेत उभे असत. नाना क्षेमकल्याणी तेवढे रांगेत बसलेले असत. घोडीवर. पुढे जोशीकाकू पिशवी घेऊन, मागे मी पातेलं घेऊन, आणि मध्ये एक पांढरी घोडी, तिच्यावर स्कूटरचं हेल्मेट घातलेले नाना. रांग सरकली की घोडीही एक पाऊल सरके. नंबर आला की नाना वरूनच कूपन खाली देत आणि दुधाच्या पिशव्या वर घेत. कुणी हसलं तर म्हणत, "रांग मोडली का मी? मग झालं."

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. गंगापूर रोडला तेव्हा इमारती कमी आणि द्राक्षबागा जास्त होत्या. थंडीत पाटाच्या पाण्यावरून धुकं उठायचं आणि बंगल्यांच्या कुंपणांतून आत शिरायचं. त्या धुक्यातून आधी टापा ऐकू यायच्या, मग हेल्मेट दिसायचं, मग नाना, आणि सगळ्यात शेवटी घोडी. पांढरी असल्यामुळे ती धुक्यातून उशिरा सुटी व्हायची. तोवर नाना हवेत बसूनच येताहेत असं वाटे.

मी दिंडोरीकडच्या खेड्यातला, घरातला पहिला पदवीधर. नानांच्या बंगल्यामागच्या खोलीत भाड्यानं राहायला आलो, तेव्हा ते पाटबंधारे खात्यातून नुकतेच निवृत्त झाले होते, आणि त्याच वर्षी त्यांच्या पत्नी, म्हणजे काकू, वारल्या होत्या. मुलगी माधुरीताई पुण्याला. नाना दिवसभर व्हरांड्यात फाटकाकडे तोंड करून बसत. पोस्टमन आला की त्याला पाणी विचारत, आणि तो नको म्हणाला तरी आणायला आत जात.

पुढे त्यांचे गुडघे धरले. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. नाना घरी येऊन मला म्हणाले, "गांगुर्डे, चालणं हा काही व्यायाम नव्हे. ते येणं-जाणं आहे."

नोकरीच्या सुरुवातीला त्यांचे एक जुने साहेब घोड्यावरून पाटाची पाहणी करायचे आणि नाना टेप घेऊन मागे पळायचे. ते पळणं नानांच्या मनातून गेलं नव्हतं. एका सकाळी ते रिक्षानं गावात गेले आणि संध्याकाळी घोडी घेऊन आले. सोबत तिचे मालक रशीदभाई. त्यांचा पूर्वी टांगा होता. रिक्षा वाढल्यावर टांगा गेला आणि नवरदेवासाठी घोडी देण्याचं काम राहिलं.

"नाना, घोडी एक नंबर हाय," रशीदभाई म्हणाले. "लाथ नाय, चावणं नाय. फक्त एवढी वर्सं लग्नात गेलीय. सवयी लग्नाच्या हायेत, तेवढं अ‍ॅडजस्ट करून घ्या."

नानांनी स्कूटर बाहेर कडुनिंबाखाली लावली आणि शेड घोडीला दिली. घोडीला ते बाईसाहेब म्हणत. "बाईसाहेब, उजवीकडे घ्या. उजवीकडे म्हटलं मी." बाईसाहेब डावीकडे जात. नाना मग डावीकडचं काहीतरी काम आठवून काढत.

घोड्यावर बसून काय काय सुधारतं, हे ते कुणालाही थांबवून सांगत. कंबर, मांड्या, पोट, तोल, झोप. पण त्यांचा खरा शब्द होता 'बैठक'. ताठ पाठ, सैल खांदे, टाच खाली, नजर घोडीच्या दोन कानांमधून लांबवर. "म्हातारपण आधी बैठकीत शिरतं," ते म्हणत. "तिथे शिरू दिलं नाही तर बिचारं जाणार कुठे?" हळूहळू जगातली प्रत्येक बिघाडाची गोष्ट त्यांना बैठकीची वाटू लागली. पाण्याची टाकी गळली, टाकीची बैठक सुटली. भाजीत मीठ जास्त झालं, स्वयंपाकाची बैठक सुटली.

माझे वडील एकदा गावाहून भेटायला आले. ते द्राक्षाच्या छाटणीला जाणारे, सकाळपासून शिडीवर उभे राहणारे गृहस्थ. त्यांनी नानांना दोन फेऱ्या मारताना पाहिलं आणि मला हळूच विचारलं, "हे दादा कुठं कामाला जातेत का?"

"नाही, व्यायाम करतात."

"लय भारी. घाम घोडीला येतो आन् व्यायाम यांचा व्हतो."

नानांनी ते ऐकलं. घोडी थांबवून म्हणाले, "या, बसून बघा."

वडील बसले. उतरल्यावर दोन दिवस त्यांना धड खाली बसता येईना. गावी जाताना ते नानांच्या पाया पडले.

मलाही नानांनी त्या घोडीवर बसवलं, माझ्या नोकरीच्या मुलाखतीच्या आदल्या दिवशी. साहेबांसमोर गेलो की माझे खांदे आपोआप आत यायचे, आवाज पोटात जायचा. नानांनी मला बाईसाहेबांच्या पाठीवर ठेवून पाटाच्या कडेनं सावकाश फिरवलं. बागांचे हिरवे मांडव माझ्या कमरेखाली होते. लांब गोदावरीच्या बाजूला धुक्याचा पांढरा पट्टा दिसत होता. "उद्या खुर्चीवर असंच बसा," नाना लगाम धरून चालत म्हणाले. "समोरच्याच्या दोन कानांमधून बघा." मी तसंच बघितलं. नोकरी लागली. आज मी जो काही ताठ बसतो, तो त्या सकाळमुळे.

आता बाईसाहेबांच्या सवयींबद्दल. नवरदेवाची घोडी आधी मारुतीला जाते, तिथून मंडपाच्या दारात. दारात नवरदेवाला ओवाळतात, घोडीला गूळ आणि भिजवलेली डाळ देतात, मगच ती हलते. बाईसाहेबांच्या अंगात हा क्रम पक्का मुरलेला. मारुतीचं देऊळ दिसलं की थांबायचं. बँड ऐकू आला की आवाजाच्या दिशेनं निघायचं.

एका लग्नसराईत नाना सकाळी निघाले, मी शेजारून सायकलवर. पाटाच्या वळणावर नवं मंगल कार्यालय झालं होतं. आतून सनई, मग ढोल. बाईसाहेबांनी कान टवकारले, मान डोलावली आणि सरळ कमानीखाली जाऊन उभ्या राहिल्या. खरा नवरदेव अजून यायचा होता. आतून बायका ताट घेऊन धावत आल्या आणि वर बघून थबकल्या. वर ट्रॅकसूट, मफलर आणि हेल्मेट.

"अगंबाई," एक मावशी म्हणाली, "फोटोत तर तरुण दिसत होता."

नाना ताठ. "ताई, मी फक्त व्यायामाला निघालोय. पण ओवाळल्याशिवाय ह्या हलायच्या नाहीत."

त्यांनी टाच मारून पाहिली, मी मागून ढकलून पाहिलं. तेवढ्यात खऱ्या नवरदेवाचा बँड जवळ आला. शेवटी मावशीनं नानांना ओवाळलं, हेल्मेटवर कुंकू लावलं, घोडीला गूळ दिला. बाईसाहेब तृप्त होऊन वळल्या. समोरून येणाऱ्या नवरदेवाला नानांनी वाट दिली आणि म्हणाले, "पाठ सरळ, टाच खाली."

त्या दिवसापासून कॉलनीनं त्यांचं नाव नवरदेव ठेवलं.

वर्षं गेली. बागांच्या जागी इमारती आल्या. माझं लग्न झालं, तरी आम्ही त्याच मागच्या खोल्यांत राहिलो. नाना सत्तरीच्या पुढे गेले, आणि एकदा व्हरांड्याच्या कठड्यावरून घोडीवर चढताना घसरले. हाड मोडलं नाही, पण डॉक्टर म्हणाले, पुन्हा पडलात तर अंथरूण धराल. माधुरीताई पुण्याहून आल्या. "बाबा, घोडी देऊन टाका."

रशीदभाईंना विचारलं. ते म्हणाले, "आता लोकांना फुलं लावलेली गाडी लागती, ताई. म्हाताऱ्या घोडीला कोण घेनार? बाजारात नेली तर वजनावर जाईल." आणि त्यांनी घोडीच्या मानेवरून हात फिरवला.

नाना म्हणाले, "बघू."

महिन्याभरानं ते पुन्हा हेल्मेट घालून, घोडीला खोगीर चढवून फाटकातून निघू लागले. कोपऱ्यापर्यंत लगाम धरून पायी. "तिथल्या ओट्यावरून चढतो," सगळ्यांना सांगत. माधुरीताईंचा मला फोन आला. "गांगुर्डे, जरा लक्ष ठेवा. पुन्हा पडले तर मी घोडी त्याच दिवशी पाठवणार."

एका धुक्याच्या सकाळी मी मागोमाग गेलो. ओटा आला, मागे पडला. नाना चढले नाहीत. पाटाच्या कडेनं दोघं सावकाश चालत होते, बाईसाहेबांच्या मानेवर नानांचा हात, खोगीर रिकामं, पाय ठेवायच्या रिकिबी नुसत्या हलत होत्या. मंगल कार्यालयाशी बाईसाहेब थांबल्या. लग्न नव्हतं, फाटकाला कुलूप होतं. नानांनी खिशातून गूळ काढला, तिच्या तोंडावरून एकदा ओवाळला आणि भरवला.

वळताना त्यांनी मला पाहिलं. हेल्मेट उगाच सरळ केलं.

"बसत नाही मी," म्हणाले. "बैठक सुटली, गांगुर्डे."

"मग खोगीर कशाला चढवता नाना?"

ते थोडं चालले. "निवृत्त झाल्यावर पहिल्या सोमवारी मी सवयीनं डबा भरून घेतला होता. काकूंनी काही न बोलता भरून दिला. व्हरांड्यात बसून खाल्ला." त्यांनी तिची आयाळ सारखी केली. "खोगीर चढलं की हिला वाटतं, काम आहे." मग म्हणाले, "कॉलनीत बोलू नका. नवरदेव पायी जातो म्हणतील."

संध्याकाळी मी माधुरीताईंना फोन केला. "नाना घोडीवर बसत नाहीत. रोज तिच्याबरोबर चालतात."

"मग घोडी ठेवलीय कशाला?"

"ती नसली तर ते फाटकाबाहेर पडायचे नाहीत, ताई."

ताईंनी शेडला दार आहे का, ते विचारलं. मग म्हणाल्या, "आता थंडी वाढेल. आईची सोलापुरी चादर असेल माळ्यावर, निळ्या चौकटींची. घोडीच्या अंगावर घाला म्हणावं बाबांना."

मी खिडकीतून शेडकडे पाहिलं. बाईसाहेब उभ्या-उभ्या डुलकी घेत होत्या. निळ्या चौकटींची ती चादर त्यांच्या पाठीवर केव्हाचीच होती, आणि नाना तिचं एक टोक सारखं करत होते.