बरी असल्याचा पुरावा

शाळा सोडल्यानंतर मुलींचे पुढे काय झाले, हे शाळेला लेखी कळवल्याखेरीज ते पुरते झाले असे मानता येत नाही. संसार काय, कोणीही करते. त्याची नीट नोंद ठेवणारी माणसे थोडी, आणि ब तुकडीच्या सुदैवाने तिच्याकडे असे एक माणूस होते. तिला सगळ्याजणी अजूनही मॉनिटरच म्हणत. वय छप्पन्न, दोन्ही गुडघे कुरकुरणारे, पण हातात यादी आली की पाठ ताठ.

शाळा सोडून चाळीस वर्षे झाली म्हणून शाळेने त्या वर्षीच्या दोन्ही तुकड्यांची खुशाली पुस्तकरूपाने छापायचे ठरवले. प्रत्येकीला चाळीस शब्द, म्हणजे वर्षाला एक. (एखाद्या वर्षी सांगण्यासारखे काही घडले नसेल, तर तो शब्द पुढच्या वर्षासाठी राखून ठेवण्याची मुभा होती.) ज्या तुकडीची माहिती जास्त टक्के येईल तिला ढाल मिळणार होती. खो-खोची, समूहगानाची, हस्ताक्षराची, सगळ्या ढाली त्या काळी अ तुकडीने नेल्या होत्या. ब तुकडीला स्वच्छतेचीसुद्धा मिळाली नव्हती. ही गोष्ट बाकीच्या केव्हाच विसरल्या. मॉनिटरने मात्र ती मनाला लावून घेतली होती.

ब तुकडीच्या सेहेचाळीसजणींपैकी दोघी वारल्या होत्या. त्यांना फॉर्म भरण्यातून सूट देण्यात आली. स्वतःला धरून उरल्या चव्वेचाळीस, त्यांतल्या बाकी त्रेचाळीसजणींना मॉनिटरने आठ महिने फोन केले. कोणी पाचव्या घंटीला उचलत, कोणी पंधराव्या, पण उचलत. ज्यांना लिहायला जमेना त्यांना तिने शब्द पुरवले, आणि या कामात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. नोकरी गेली असेल तर 'सध्या छंदांना वेळ देते'. नवऱ्याशी फाटले असेल तर 'स्वतंत्र वाटचाल'. मुलगा तीन वर्षे घरी बसून असेल तर 'मुलगा घरूनच काम करतो'. सासूचे करण्यात उमेद संपली असेल तर 'समाजसेवेची आवड'. आजारपण घेतले जात नव्हते, पण त्यातून उठलेली बाई दोन ओळींत बसवता येत होती.

स्वतःची माहिती तिने सर्वांत आधी भरली होती आणि नमुना म्हणून सगळ्यांना पाठवली होती. दोन्ही मुली परदेशी, जावई गुणी, यजमान मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त, गच्चीवर बाग, मन रमते. (बागेत सात कुंड्या होत्या. पैकी पाचांत नुसती माती होती, पण कुंड्या मोजायच्या की झाडे, याबद्दल नियम गप्प होता.)

त्रेचाळीस फॉर्म आले. एकूण समाधान शंभर टक्के भरले. अ तुकडीत पंचेचाळीसपैकी एकीने 'तुम्हाला काय करायचंय?' असे लिहून पाठवले होते, ती माहिती म्हणून धरण्यात आली नाही. म्हणजे अ तुकडी एकीने अडली होती. ब तुकडीचीही एकच उरली होती. वर्गात ती खिडकीशी बसून सतत बाहेर बघायची, म्हणून तिचे नाव खिडकी पडले होते. तिचा फॉर्म शेवटच्या आठवड्यात आला. त्यात लिहिले होते, 'बरी आहे.'

ब तुकडीने या कामासाठी नेमलेल्या समितीची तातडीची बैठक अध्यक्षबाईंच्या जेवणाच्या टेबलावर भरली. अध्यक्षबाई, मॉनिटर, आणि दर बैठकीला आल्यामुळे सल्लागार ठरलेली एक मैत्रीण. अध्यक्षबाईंनी फॉर्म उलटा करून मागे काही आहे का ते पाहिले.

"बरी आहे म्हणजे? कशाच्या जोरावर?" त्या म्हणाल्या.

"काहीतरी लपवतेय गं," सल्लागार म्हणाली. "सगळं धड असतं तर चाळीस शब्द पुरले नसते. मला बघ, त्रेसष्ट झाले होते."

शेवटी ठराव झाला. विद्यार्थिनी बरी असल्याचा पुरावा मिळाल्याशिवाय नोंद ग्राह्य धरू नये. मॉनिटरने समक्ष जाऊन खातरजमा करावी.

खिडकीचे चष्मे दुरुस्तीचे दुकान होते. रुंदीला एक दार आणि अर्धी भिंत. काउंटरवर फेल्टचा तुकडा, त्यावर बारीक स्क्रूंची बशी, बाजूला नाकाशी लावायच्या रबराच्या गाद्या आकाराप्रमाणे मांडलेल्या. मॉनिटरने स्टुलावर बसून फॉर्म काढला आणि चौकशीला हात घातला. नवरा? दहा वर्षांपूर्वी गेला. मुलगा? माल वाहतुकीच्या कंपनीत, ट्रकवर. घर? वर दोन खोल्या, भाड्याच्या. तब्येत? रक्तदाबाची गोळी, रोज सकाळी. पुरावा झाडून सगळा विरुद्ध जात होता.

"आणि तरी तू बरी आहेस?"

"हो."

"कशावरून?"

खिडकीने हातातला स्क्रू बशीत ठेवला आणि खरोखर विचार केला. "काल एक आजोबा चष्मा घेऊन गेले. नवी काच होती. इथून कोपऱ्यापर्यंत रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या मोठमोठ्याने वाचत गेले. मला हसू आलं. मग मी चहा केला." तिने बशी बाजूला सरकवली. "एवढंच गं. हे कसं लिहायचं, म्हणून नाही लिहिलं. तुझा चष्मा एका बाजूला उतरलाय, दे इकडे."

मॉनिटरने चष्मा दिला आणि तिथेच खातरजमेचा बोजवारा उडाला. चष्म्याशिवाय तिला फॉर्म दिसेना, आणि फॉर्म दिसेना म्हणून पुढचा प्रश्न सुचेना.

"आणि तू?" खिडकीने मान वर न करता स्क्रू पिळत विचारले. "तू कशी आहेस?"

आठ महिन्यांत मॉनिटरने हा प्रश्न त्रेचाळीसजणींना विचारला होता. उलट विचारला गेल्याची ही पहिली नोंद. ती 'बरी' म्हणायला गेली. इथे पुरावा मागणारे कोणी नव्हते, तरी शब्द काही बाहेर पडेना. तिला रडू आले, हे सरळ सांगितलेले बरे. खिडकीने शटर अर्धे ओढले. मॉनिटर बोलत राहिली. यजमान टीव्हीशी बोलतात, पण तिच्याशी नाही. मुलींचा फोन रविवारी येतो, अकरा मिनिटे, त्यातली चार 'आवाज येतोय का' यात जातात.

"या यादीमुळे निदान फोन करायला कारण होतं गं," ती म्हणाली. "उद्या यादी पुरी झाली की मी कोणाला फोन करू?"

खिडकीने चष्मा पुसून तिच्या नाकावर बसवला आणि चहा टाकला. मॉनिटर दुपारी दोनला आत गेली होती, ती दिवेलागणीला बाहेर पडली.

पुस्तक वेळेवर छापले गेले. खिडकीच्या नावापुढे 'बरी आहे' असे आहे आणि खाली मॉनिटरची सही, 'समक्ष पाहिले'. मॉनिटरच्या नावापुढे 'माहिती प्रतीक्षेत' असे आहे. नमुन्याचे चाळीस शब्द तिने छापखान्यात जाऊन स्वतःच्या हाताने काढून घेतले. त्यामुळे ब तुकडीचे चव्वेचाळीसपैकी त्रेचाळीस झाले, अ तुकडीचे पंचेचाळीसपैकी चव्वेचाळीस होतेच, आणि ०.०५ टक्क्याने ढाल अ तुकडीकडे गेली. अध्यक्षबाई तिच्याशी पंधरा दिवस बोलल्या नाहीत.

बाकी पुस्तकाचा परिणाम चांगला झाला. प्रत्येकीने आपले पान वाचले, मग खिडकीचे. त्या महिन्यात ब तुकडीतल्या अकराजणींच्या चष्म्यांचे स्क्रू ढिले झाले. (पैकी दोघींना चष्मा नाही.) आणि एक माहिती अजून यायची असल्याने ती मिळवण्यासाठी आता त्रेचाळीसजणी आळीपाळीने मॉनिटरला फोन करतात. ती पहिल्या घंटीला उचलते. "देते गं, घाई काय आहे," म्हणते, आणि मग तासभर बोलते. माहिती अद्याप आलेली नाही.

वाचकांनी यावर हसायला हरकत नाही. फक्त आज सकाळी जिन्यात शेजाऱ्यांनी "काय, कसं काय?" विचारले तेव्हा आपणही "बरं आहे" म्हणालात. त्यांनी पुरावा मागितला नाही, कारण त्यांना खाली उतरायचे होते. मागितला असता तर काय जोडले असते, ते सावकाश आठवून ठेवावे. नाहीच आठवले, तर चष्मा काढून एकदा हलवून पाहावा. दुकान रविवारी बंद असते.