काटा मध्यावर

गुळवणींच्या गाडीतला टेंपरेचरचा काटा इंजिनाचा ताप दाखवत नव्हता, त्यांच्या बायकोचा दाखवत होता.

आधी मी रीतीने तपासणी केली. इंजिन थंड, काटा लालात. दोन गॅरेजवाल्यांनी सेन्सर बदलून पाहिले होते. मी सेन्सर काढला, चहाच्या किटलीत उकळला, मीटर लावला. आकडे बरोबर. परत बसवला.

"सेन्सर चांगला आहे," मी म्हणालो. "घरी कोण आजारी आहे?"

गुळवणी चपापले. "कुमुद. पाच दिवस झाले, ताप एकशे चारच्या खाली येईना. डॉक्टर म्हणतात, आज उतरला नाही तर अवघड आहे. पण मिस्त्री, त्याचा गाडीशी काय संबंध?"

"काटा कधीपासून लालात आहे?"

"पाच दिवस."

पाचाला पाच जुळवायला चौथी पुरते.

सेन्सर ऐकेनासा झाला की आम्ही जुने मिस्त्री फॅन डायरेक्ट करतो. बॅटरीवरून वायर थेट रेडिएटरच्या पंख्याला. सेन्सरला विचारायचंच नाही. तेच केलं. काटा उतरू लागला. गुळवणींचा फोन वाजला. मेहुणी होती.

"भावजी, ताईला घाम फुटला! ताप उतरतोय!"

गुळवणी माझ्या पाया पडायला वाकले.

"उठा. गाडीचं काम आहे," मी म्हणालो आणि चहा मागवला.

चूक तिथे झाली. डायरेक्ट केलेल्या पंख्याला कुठे थांबायचं ते कळत नाही. चहा संपेतो काटा मध्य ओलांडून तळाला टेकला होता. पुन्हा फोन.

"भावजी, हातपाय गार पडलेत. चार गोधड्या घातल्या. हाकेला ओ देत नाही."

मी वायर तोडली. काटा उठला नाही.

"मिस्त्री, काहीतरी करा हो!"

"गप्प बसा. चावी द्या."

इंजिन चालू केलं. वारा अडवायला रेडिएटरपुढे पुठ्ठा लावला. पाव तास इंजिन चाललं. मग काटा हलला. मध्यावर येऊन थांबला. फोनवर खुद्द कुमुदबाईंचा आवाज आला.

"अहो, जेवायला येताय ना?"

गुळवणी रडले. डोळे पुसून त्यांनी चावी बंद करायला हात पुढे केला. मी मनगट धरलं.

"गाडी इथेच राहील. चालू."

ते एसटीने गेले.

माझ्या हातची गाडी दुरुस्तीला परत येत नाही. ही गेलीच नाही. दोन वर्षं गॅरेजच्या दारातल्या चिंचेखाली उभी आहे, चालू. डिझेल मी स्वतः घालतो. दुसऱ्याला हात लावू देत नाही.

परवा कुमुदबाई आल्या. डब्यात अळूवड्या होत्या. बॉनेटवर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या.

"दोन दिवस छातीत घरघर होते, मिस्त्री."

"ऐकली मी. एअर फिल्टर बदलतो. बसा."

मी बॉनेट उघडलं. त्यांनी डोळे मिटून घेतले.