श्रावणात पडलेली फिरंगाणची बियरस्वारी

श्री कुलस्वामिनीचे चरणी आधी मस्तक, मग दौत, मग लेखणी. ऐकणारांनी पानसुपारी हाती घेऊन स्वस्थ बसावे आणि मध्येच उठून जाऊ नये, इतकीच विनंती. शके एकोणीसशे अठ्ठेचाळीस, पराभव नाम संवत्सर, चैत्रमास. संवत्सराचे नाव आम्ही ठेविले नाही, पंचांगात आहे तेच लिहिले. ते समयी या राज्यात श्रीमंत सर्जेराव महाराज गादीवर होते आणि राज्याचे नाव सांगावयाची आम्हांस आज्ञा नाही. राज्य लहान, परंतु नीटनेटके. महाराजांस शिकारीचा नाद नव्हता, बुद्धिबळाचा नव्हता, एक बियरचा होता, आणि तो थोडका नव्हता. दिवाण त्र्यंबकपंत हे महाराजांबरोबर एका पाटीवर शिकलेले, साठी उलटलेले, आणि जन्मात मद्याच्या थेंबास न शिवलेले. सायंकाळी गच्चीवर महाराजांपुढे पेला आणि पंतांपुढे ताक, ऐशी दोघांची बैठक कित्येक वर्षे चालत आली होती आणि त्यात दोघांसही काही खटकत नव्हते.

त्या चैत्रात वैद्यराजांनी महाराजांचे पोट चाचपिले आणि तोंड बारीक केले आणि म्हणाले, “यकृत सुजले आहे. पेला ठेविला तर निभेल. असाच चालू राहिला तर पुढच्या वर्षाचे मी काही बोलत नाही.” महाराज हसले आणि म्हणाले, “पाणी प्या म्हणावयास वैद्य कशाला हवा? ते आमची गायही सांगेल.” मग वैद्यराज गेले आणि पेला आला. राणीसाहेब मैनाबाई पडद्याआड होत्या, त्यांनी ऐकिले. पंत समोर होते, त्यांनीही ऐकिले, आणि त्या सायंकाळी त्यांनी ताक तसेच ठेविले.

तो आठा दिवसांत एक सरदार फिरंगाण फिरोन आले आणि सांगू लागले की, तिकडे शहरागणिक बियर निराळी, आणि एका शहराहून दुसऱ्या शहरी आगगाडीने जावे, आणि आगगाडीत लगाम कोणास धरावा लागत नाही, म्हणोन स्वारीतल्या एकासही कोरडे राहावे लागत नाही. हे ऐकोन महाराजांच्या डोळ्यांत पाणी आले. तेच बैठकीत मसलत ठरली की फिरंगाणावर स्वारी करावी. महाराज म्हणाले, “पंत, तुम्ही बरोबर चला. तुम्ही प्यावे ऐसे म्हणत नाही, पण तुमच्याशिवाय मला गंमत नाही. येत नसाल तर हिंदुरावास नेतो.” हिंदुराव म्हणजे सेनापती. लढाई त्यांनी पाहिली नव्हती, परंतु पेल्याचा तळ रोज पाहात. पंतांनी विचार केला. नाही म्हणावे तर हिंदुराव जातात, आणि महाराज परत येतात तर कसे येतात, येतात की नाही, कोण जाणे. म्हणोन पंत म्हणाले, “येतो.” मग महाराजांनी भिंतीवरचे इंग्रजी महिन्यांचे कॅलेंडर काढविले आणि त्यावर बोट ठेविले आणि मोठ्या हर्षाने म्हणाले, “यंदा अधिकमास आल्याने गणपती पुढे गेले, सप्टेंबराच्या मध्यास बसतात. त्याआधी हा बघा, सबंध मोकळा तुकडा सापडला. आगस्टाच्या अखेरीस निघू, गणपतीच्या आत परत येऊ.”

आता हे ऐकणारांनी नीट ध्यानी घ्यावे. महाराजांचा एक नेम वज्राचा होता. श्रावणमासी थेंब नाही. दिव्याच्या अवसेस बुधले लाखबंद व्हावयाचे ते गणपती आल्यावरच फुटावयाचे, आणि हा नेम वडिलांपासोन चालत आलेला, तो महाराजांनी तापात मोडला नाही की लग्नकार्यात मोडला नाही. आणि गणपती पुढे सरकले तर श्रावण काय जागेवर बसोन राहतो? तोही सरकणारच. महाराजांस गणपती दिसले, श्रावण दिसला नाही. पंतांस दोन्ही दिसले. पंतांनी सांगावयास तोंड उघडिले. मग मिटले. मग म्हणाले, “उत्तम तुकडा आहे, सरकार.”

झाले. मग पंतांनी तयारी मांडिली, आणि ती अशी मांडिली की पाहणाराने पाहात राहावे. आधी प्राग, मग पिल्सेन, जेथे सोनेरी बियर प्रथम निपजली, मग बांबेर्ग, जेथे धुरावर वाळविलेल्या जवाची करितात, आणि शेवटी कोलोन, ऐसे पूर्वेकडून पश्चिमेकडे मुक्काम लाविले. सर्व गाड्यांस चालेल असा एक पास घेतला आणि ज्या गाडीत जागा धरावी लागते तीत खिडकीची धरिली, ती महाराजांस. फिरंगाणात शिरावयाची दस्तक, जिला लोक व्हिसा म्हणतात, तिच्यासाठी दोघांस बोटांचे ठसे द्यावे लागले. महाराज म्हणाले, “ठसे चोराचे घेतात ऐसे ऐकले होते,” आणि पंत म्हणाले, “परमुलखात आपण दोघे सारखेच, सरकार,” आणि हसले, परंतु ते हसू काही खरे नव्हते. महाराज रोज सायंकाळी विचारीत, “पंत, बांबेर्गास गाडी बदलायची ती कोठे?” आणि पंत सांगत, आणि महाराज पोरासारखे पुन्हा विचारीत. पंतांस त्यांचा आनंद पाहावेना. घरी जाऊन ते पंचांग उघडीत आणि श्रावण आहे तेथेच आहे ना, ऐसे पाहून मिटीत.

आषाढ लागला. महाराज म्हणाले, प्रस्थानास मुहूर्त पाहावा. म्हणोन राजजोशी बाळंभट यांस बोलाविले. त्यांनी बोटांची पेरे मोजली आणि प्रसन्न होऊन म्हणाले, “योग फार चांगला आहे. नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण करावा आणि दुसरे दिवशी निघावे. विमान दर्यावरूनच जाणार, दर्या शांत असलेला बरा.” महाराज म्हणाले, “वा.” मग त्यांचा चेहरा हळूहळू पालटला. म्हणाले, “नारळी पौर्णिमा? म्हणजे श्रावणात?” जोशी म्हणाले, “नारळी पौर्णिमा आणखी कोठे असावयाची, महाराज? परत येईतोवर श्रावणच आहे.” पंतांनी खाली पाहिले. महाराज इतके हळू बोलिले की आम्हांस वाईट वाटले. म्हणाले, “मग राहिले म्हणायचे.”

परंतु जोशी दक्षिणेवर नजर ठेवणारे, त्यांस यजमान उदास झालेला चालत नसे. ते पुढे सरकून बसले आणि म्हणाले, “इतके मनावर घेऊ नये. नेमातून रोगी, प्रवासी आणि बाळंतीण यांस मोकळीक आहे. शिवाय सूर्य तिकडे मागाहून उगवतो, तेव्हा तिकडची तिथी कोणती, यावरच दोन मते निघतील. शिवाय बियर म्हणजे जवाचा काढा.” महाराज खुलले आणि म्हणाले, “रोगी तर वैद्यांनी ठरविलेच आहे, प्रवासी पंतांनी केले, बाळंतीण व्हायची आम्हांस गरजच उरली नाही.” सभा खदखदा हसली. हिंदुराव तर मांडीवर थापा मारू लागले. महाराज म्हणाले, “काय पंत? निघाली ना वाट?”

पंत उभे राहिले. ते म्हणाले, “शास्त्र जोशीबुवांचे, त्यात मी पडत नाही. पण तारखेची चूक झाली नव्हती, सरकार. चैत्रात आपण कॅलेंडरावर बोट ठेविले तेव्हाच मला श्रावण दिसला होता. मी बोललो नाही.” महाराज म्हणाले, “का?” पंत म्हणाले, “आपण पिऊ नये म्हणून.” महाराज म्हणाले, “मग तसे तोंडावर सांगायचे होते.” पंत म्हणाले, “वैद्यांनी सांगितले, त्याचे काय झाले ते पाहिले. मी नाही म्हटले असते तर आपण हिंदुरावांना घेऊन गेला असता, आणि मी इथे निरोपाची वाट बघत बसलो असतो. मला फार भीती वाटते, सरकार. आपण नसाल तर सायंकाळी मी कोणाकडे जाऊ?” कोणी हसले नाही. महाराज उठले आणि म्हणाले, “पाटीवर शिकलो तेव्हापासून तुम्ही माझ्याशी कधी लबाडी केली नव्हती. या वयात केलीत.” आणि आत निघोन गेले.

त्यानंतर गच्चीवरची बैठक बंद जाहली. पंत कचेरीत येत, सह्या घेत आणि घरी जात. महाराजांनी हिंदुरावांस तयारीची आज्ञा दिली, आणि हिंदुरावांनी पेटी भरिली, परंतु फिरंगी तिकिटावर पंतांचे नाव, आणि ते बदलावयाची सोय नाही, आणि दस्तक नव्याने निघावयास वेळ नाही, म्हणोन पेटी पुन्हा रिकामी करावी लागली. महाराज एकटे बसोन राहात. एके दिवशी राणीसाहेब जवळ जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, “पंतांनी लबाडी केली, ती खरीच. आपण रागावलात, तेही बरोबर. पण वैद्य बोलले तेव्हा मीही ऐकले होते. मी नुसती रडत बसले. पंतांना निदान काहीतरी सुचले.” महाराज म्हणाले, “तू रडलीस ते मला कळले नाही.” राणीसाहेब म्हणाल्या, “आपण कधी विचारले?” त्या दिवशी महाराजांनी पेला मागविला नाही.

दुसरे दिवशी पंतांस बोलावणे गेले. महाराज म्हणाले, “बसा. श्रावण मी मोडणार नाही. जोशीबुवांची पळवाट जोशीबुवांना लखलाभ. स्वारी मात्र ठरल्याप्रमाणे होईल, आणि तुम्हांला दंड आहे. ठरल्या ठिकाणी ठरलेली बियर मागवायची, आणि पेला तुमच्यापुढे ठेवायचा. तुम्ही प्यायची आणि मला सांगायचे, कशी आहे. मी पाणी घेईन.” पंतांच्या तोंडचे पाणी पळाले. म्हणाले, “घोटभर?” महाराज म्हणाले, “पेलाभर.” पंत म्हणाले, “आणि माझा श्रावण?” महाराज म्हणाले, “माझा राखायचा असेल तर तुमचा द्या.” पंतांनी डोळे मिटले आणि उघडले आणि म्हणाले, “दिला.”

मग नारळी पौर्णिमेच्या दुसरे दिवशी स्वारी निघाली. महाराज, पंत, आणि सामान उचलावयास व हकिकत लिहावयास आम्ही, आमचीही दस्तक पंतांनी आधीच काढिली होती. प्रागेस पंतांनी देवाचे नाव घेतले आणि पेला तोंडास लाविला. महाराज टक लावून पाहात होते. पंत म्हणाले, “कडू आहे.” महाराज म्हणाले, “कडू तर कारलेही असते. नीट सांगा.” पंतांनी पुन्हा घोट घेतला आणि विचार केला आणि म्हणाले, “पाडव्याला कडुलिंब खाऊन वर गार पाणी प्यावे, तसे.” महाराजांनी डोळे मिटून मान हलविली. पिल्सेनास पंतांनी फेसाविषयी निराळे सांगितले आणि त्याखालच्या सोनेरी पाण्याविषयी निराळे. बांबेर्गास म्हणाले, “चुलीपुढे बसून करपलेली भाकरी खाल्ल्यासारखी लागते. पण वाईट नाही, सरकार. आपणांस आवडली असती.” महाराज खिडकीबाहेर पाहू लागले आणि त्यांनी पाण्याचा पेला फिरवीत ठेविला. गाडीत दोघे समोरासमोर बसत, परंतु बियरखेरीज बोलणे होत नसे.

कोलोनास पेले लहान असतात आणि तेथली चाल अशी की, पेला रिता होताच वाढपी न विचारिता दुसरा ठेवितो, आणि पुरे म्हणावयाचे असेल तर पेल्यावर पुठ्ठ्याची चकती झाकावी लागते. महाराजांस हे त्या सरदाराकडून ठाऊक होते. ते पंतांस बोलले नाहीत. पंतांस वाटले, आणलेले टाकू नये, अन्न आहे. म्हणोन ते पीत गेले आणि वाढपी आणीत गेला, आणि पंतांचे उपरणे खांद्यावरून घसरले, आणि कान लाल जाहले, आणि वर्णन करता करता ते जमाखर्चाच्या भाषेत शिरले आणि तिकडून आरतीत शिरले. शेजारच्या मेजावरील फिरंगी माना वळवून पाहू लागले. मग पंत एकाएकी थांबले आणि मेजावरून हात पुढे करून त्यांनी महाराजांचा हात धरिला. एकांतात नाही, चारचौघांत धरिला, जे चाकरीत कधी केले नव्हते. म्हणाले, “सरकार, अजून राग आहे का?” महाराजांनी त्यांच्याकडे पाहिले. वाढपी नवा पेला घेऊन येतच होता. महाराजांनी चकती उचलली आणि पंतांच्या पेल्यावर ठेविली आणि म्हणाले, “नाही. चला, आता पुरे.” आणि पंतांस काखेत धरोन मुक्कामी नेले, आम्ही मागून उपरणे घेऊन गेलो.

येणेप्रमाणे स्वारी जाहली. मुलूख जिंकला नाही, लूट आणिली नाही, महाराजांनी एक थेंब चाखिला नाही. गणपती आले, बुधल्यांची लाख तशीच राहिली, आणि ती फोडा ऐसे महाराजांनी अद्याप सांगितले नाही. गच्चीवर बैठक पुन्हा बसते. दोन्हीकडे ताक असते. स्वारीस महाराज आणि पंत दोघे गेले होते, दोघे परत आले, इतके नक्की, आणि आम्ही ते डोळ्यांनी पाहिले.